घराण्याचा उजवा खांदा

रविवारी सकाळी अंघोळ आटोपून दशांश बनियन घालायला गेला. डावा हात वर गेला, उजवा गेला नाही. तो खांद्याच्या पातळीपर्यंत आला आणि दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा तिथेच थांबला. तोवर बनियन डोक्यावरून अर्धं उतरलं होतं. आत काळोख, बाहेर एक हात मोकळा, दुसरा अधांतरी, अशा अवस्थेत त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, जरा ये. घाई नाही, पण लगेच ये."

बायको आली. तिने हा देखावा पुढून पाहिला, मागून पाहिला आणि विचारलं, "घालताय की काढताय?"

"त्यावर आता माझं नियंत्रण नाही."

तिने बनियन खाली ओढलं. दशांशने अशी किंकाळी फोडली, की बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं आणि गळ्यात टेप अडकवलेले त्याचे वडील दारात आले. वडील शिंपी होते. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची.

"कुठला?" मास्तरांनी विचारलं.

"काय कुठला?"

"खांदा रे. कुठला धरलाय?"

"उजवा," बनियनच्या आतून उत्तर आलं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो दशांशला दिसायची सोय नव्हती, पण बायकोला दिसला. नंतर ती म्हणाली, की लग्न ठरताना ती सून म्हणून पसंत पडली तेव्हासुद्धा बाबा इतके खुललेले तिने पाहिले नव्हते.

"तरी म्हटलं!" मास्तर म्हणाले. "चाळिशी उलटली तरी खांदा कसा नाही धरला याचा! मला काळजीच लागली होती." आणि सुनेच्या हातात बनियनचा कारभार सोडून ते थेट फोनकडे गेले.

"ताई, बातमी आहे. लेकाचा खांदा धरला!"

पलीकडे दशांशची आत्या होती. आत्याला फोनची तशी गरज नव्हती, खिडकीतून बोलली असती तरी ऐकू आलं असतं. "उजवाच ना रे?"

"उजवाच!"

"बाई बाई! अगदी आपल्या बाबांवर गेला!"

इथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे दशांश हे त्याचं खरं नाव नव्हतं. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, आणि 'आज पाणी कसं आहे?' असं शेजाऱ्याने सहज विचारलं तरी 'सात पूर्णांक दोन' असं काहीतरी सांगायचा. खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्यात काही विशेष नाही, पुष्कळांना जमत नाही. पण दुसरा कुणी चुकीचं बोलला तर ऐकून गप्प बसणंही त्याला जमत नसे, आणि हा दोष जरा गंभीर आहे.

दुसरी गोष्ट अशी, की दशांश दत्तक होता. यात लपवाछपवी कसलीच नव्हती. मास्तर आणि त्यांची बायको त्याला तान्हा असताना संस्थेतून घेऊन आले होते, आणि हे त्याला, आत्याला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. विसरायचे ते फक्त मास्तर. विचारलं तर सांगायचे, पण एरवी ही गोष्ट त्यांच्या मनात उभीच राहत नसे. दशांशचं नाक त्यांच्या मते आजोबांचं होतं. झोपेत बडबडणं आत्याचं होतं. गणित कच्चं निघालं असतं तर तेही त्यांनी स्वतःकडे घेतलं असतं. ते पक्कं निघालं म्हणून नाइलाजाने दिवंगत बायकोच्या माहेरी पाठवलं होतं. दशांश यावर वाद घालत नसे. नाक आजोबांचं असलं काय आणि नसलं काय, त्याने कुठली नोंद बिघडत नव्हती.

खांद्याने मात्र नोंद बिघडवली.

पण त्याआधी शर्टाचं सांगायला हवं. खांदा धरल्याच्या आनंदात मास्तरांनी मुलासाठी एक खास शर्ट शिवला. उजव्या खांद्यावर, गळ्यापासून बाहीपर्यंत शिवण नाहीच. तिथे टिचबटणांची रांग, थोडी पाठीकडे वळलेली. हात वर न करता शर्ट अंगावर पांघरायचा आणि टप टप टप बंद करायचा. कल्पना खरोखर चांगली होती. दोष एवढाच, की मागच्या बाजूची बटणं लावायला स्वतःचा हात पोचत नसे. ती मास्तर लावून द्यायचे, रोज सकाळी, दारात उभे राहून, लहानपणी शाळेत पाठवताना लावायचे तशी. दशांशला थोडी लाज वाटायची. मास्तरांना अजिबात वाटायची नाही.

त्या शर्टात तो प्रयोगशाळेत गेला, त्याच दिवशी वरून मोठे साहेब पाहणीला आले. "या नमुन्यात क्षार इतके कसे?" असं त्यांनी विचारलं. दशांशला खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने खांदे उडवले. म्हणजे डावा उडाला, उजव्याने प्रयत्न केला, आणि सगळी टिचबटणं एकामागून एक उघडून बाही कोपरापर्यंत खाली आली. साहेबांनी उघड्या खांद्याकडे पाहिलं, मग नमुन्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "असू दे, असू दे. इतकं मनाला लावून घेऊ नका."

यानंतर हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मास्तर म्हणाले, "मी येणार. घराण्याची माहिती तुला काय सांगता येणार?"

डॉक्टरबाई हाडांच्या होत्या आणि त्यांचं बोलणंही तसंच होतं, वर मांस नसलेलं. त्यांनी दशांशचा हात स्वतः धरून वर नेला, बाहेर वळवला, पाठीमागे नेला. दर वेळी दशांशने वेगळा स्वर लावला.

"खांदा गोठलाय," त्या म्हणाल्या. "सांध्याभोवतीचं वेष्टण आवळून बसतं. सुटतो, पण सावकाश. व्यायाम करावा लागेल."

"कारण?"

"पुष्कळदा सापडत नाही. साखर? थायरॉइड?"

"दोन्ही तपासून आणलंय. हे आकडे."

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. "घरात कुणाला खांद्याचा त्रास?"

मास्तर याच प्रश्नासाठी आले होते. ते खुर्चीच्या अगदी कडेला सरकले. "आहे ना! मला आहे. माझ्या बहिणीला आहे. आमच्या वडिलांना तर असा होता, की पुढे जन्मभर त्यांनी डाव्या हाताने दाढी केली. उजवाच, बरं का. आमच्याकडे उजवाच धरतो. ही तिसरी पिढी!"

डॉक्टरबाई टाइप करू लागल्या. "वडील... आत्या... आजोबा... बरोबर आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता थोडी वाढते."

'थोडी' हा शब्द दशांशला आवडला. मोजून वापरलेला होता. पण त्याआधीचा 'रक्ताच्या' हा शब्द त्याला टोचला. चुकीची माहिती एका वैद्यकीय नोंदीत जाते आहे, आणि आपण ती जाताना बघतो आहोत, हे त्याला सहन होईना. पाण्याच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली, तर पुढचे सगळे निष्कर्ष फुकट जातात, हे त्याने नव्या माणसांना कितीदा सांगितलं होतं.

"डॉक्टर, ते धरू नका," तो म्हणाला. "मी दत्तक आहे."

डॉक्टरबाईंनी एक बटण दाबून धरलं. पडद्यावरची अक्षरं शेवटाकडून पुसत गेली. आधी आजोबा गेले, मग आत्या गेली, शेवटी मास्तर गेले.

"मग कौटुंबिक इतिहास, लागू नाही," असं म्हणून त्या पुढच्या रकान्यात गेल्या.

मास्तर खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून बसले. येताना बसमध्ये दशांशच्या शेजारची जागा रिकामी होती. ते पुढे जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर अबोला असता तर दशांशने सोसला असता. मास्तर त्याच्याशी बोलत होते, पण आदराने बोलत होते. "आपण जेवून घ्या," ते म्हणाले. "आपलं औषध टेबलावर ठेवलंय." ज्या माणसाने आयुष्यभर 'अरे गाढवा' म्हणून हाक मारली, त्याने एकदम 'आपण' म्हणायला सुरुवात केली की घरात कुणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि तो पाहुणा आपणच आहोत हे लक्षात आलं की घास उतरत नाही. सकाळी टिचबटणंही लावून मिळेनात. बायकोची कामावर जायची वेळ लवकरची, त्यामुळे दशांश खांद्यावर एक झडप उघडी ठेवून बसस्टॉपवर उभा राहू लागला.

"जाऊन माफी मागा," बायको म्हणाली.

"पण मी चुकीचं काय बोललो?"

"हे सोडून दुसरं काहीही बोला."

त्याने मनाशी तयारी केली आणि मशीनशेजारी जाऊन बसला. "बाबा, मी चुकीचं काही बोललो नाही," त्याने सुरुवात केली. मशीनचा वेग वाढला. "म्हणजे असं बघा, तसं पाहिलं तर कुठल्याही दोन माणसांची जनुकं नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के सारखीच असतात. त्यामुळे तुमच्यात आणि माझ्यात फरक तो काय!"

मशीन थांबलं. "म्हणजे मी आणि कोपऱ्यावरचा दूधवाला, आपल्याला सारखेच."

"टक्केवारीच्या दृष्टीने..." दशांश म्हणाला, आणि स्वयंपाकघरातून काहीतरी जड भांडं मुद्दाम आपटल्याचा आवाज आला.

मास्तर तसे रडत बसणाऱ्यांतले नव्हते. ते कामाला लागले. 'लागू नाही' हे दोन शब्द त्या कागदावरून काढून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या कोर्टकाकांचा घेतला. कोर्टकाका कोर्टात कारकून होते, आणि निवृत्त झाल्यापासून न्यायाधीश झाले होते. संध्याकाळी ते चहाला आले, वरच्या मजल्यावरच्या जीवशास्त्राच्या बाईही आल्या, आणि दशांशचा खांदा मधोमध ठेवून चर्चा सुरू झाली.

"कायदा अगदी स्वच्छ आहे," कोर्टकाका म्हणाले. "दत्तक मुलगा सगळ्याचा वारस. स्थावर म्हणा, जंगम म्हणा. आता प्रश्न एवढाच, की खांदा कशात मोडतो?"

"हलत नाही म्हणजे स्थावर," दशांशची बायको कप ठेवता ठेवता म्हणाली.

"शाब्बास, सूनबाई!" कोर्टकाकांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी तो आणखी एका कपाबरोबर परत एकदा पटवून घेतला.

जीवशास्त्राच्या बाईंनी शाळेत जन्म घालवला होता, आणि दुखावलेला विद्यार्थी त्यांना लगेच ओळखू येई. त्या मास्तरांकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही कलमाचं झाड बघा. मूळ एका झाडाचं, फांदी दुसऱ्या झाडाची. पण एकदा जोड धरला की पाणी त्याच मुळाचं, सावली एकच. झाड एकच की नाही?"

मास्तरांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "कलम! हे बरोबर बोललात."

सगळं तिथेच थांबलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती.

"पण बाई, फळ फांदीच्या जातीचंच येतं," दशांश म्हणाला.

बायकोने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशिरा. जीवशास्त्राच्या बाईंनी कपात पाहिलं. मास्तर उठले, टेप गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "खरं आहे. आपण शिकलेले आहात."

त्या रात्री दशांशने हिशेब मांडला. आजवर तो जितक्या वेळा बोलला, तितक्या वेळा त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि दर वेळी बाबा थोडे लांब गेले होते. दोन राशींमधला संबंध इतका सरळ दिसत असताना तो नाकारणं शास्त्राला धरून नव्हतं. म्हणून मास्तर दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर निघाले, तेव्हा तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेला. रुग्ण स्वतः हजर पाहिजे असा नियम होताच.

खिडकीतल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, म्हणूनच रांग हलत नव्हती. मास्तरांनी अर्ज पुढे सरकवला.

"नातं?"

"वडील."

"पुरावा आहे?"

मास्तरांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दत्तकपत्र काढलं. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, दोन्ही बाजूंनी. त्यांचे डोळे जरा ओलावले. "किती छान, काका. आणि कागद काय पक्का आहे! सगळे शिक्के, सगळ्या सह्या. असा कागद आमच्याकडे क्वचित येतो हो. पण या कागदामुळेच तुमचं काम होणार नाही."

"म्हणजे?"

"दत्तक असला की तिथे 'लागू नाही' हाच पर्याय येतो."

"मग कागद दाखवलाच नसता तर झालं असतं?"

"दाखवला नसता तर तुम्ही वडील आहात हेच सिद्ध झालं नसतं. मग तुमचा अर्ज घेतला कसा असता?"

दशांशला हा युक्तिवाद निर्दोष वाटला. तो मान डोलवायच्या बेतात होता, पण दत्तकपत्र जपून परत प्लास्टिकच्या पिशवीत सरकवणारे मास्तर त्याला दिसले आणि त्याने मान जागच्या जागी धरली. आता खांदा आणि मान दोन्ही हलत नव्हती.

मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा बाईंनी सुटकेचा मार्ग शोधला. "असं करा, डॉक्टरांनाच भेटा. त्यांनी नातेवाइकांना तपासून लिहून दिलं, तर आम्हाला बदल करता येतो."

"आणतो. सगळ्यांना आणतो," मास्तर म्हणाले. मग दशांशकडे न बघता, खिडकीच्या गजांना विचारल्यासारखं, "डॉक्टरांसमोर कुणाची हरकत तर नाही ना येणार?"

"मी तोंड उघडणार नाही," दशांश म्हणाला. त्याच्या दृष्टीने ही फार मोठी देणगी होती.

'सगळे' म्हणजे आत्या. ती ठरल्या दिवशी आधीच येऊन प्रतीक्षा कक्षातल्या पंख्याखालची जागा धरून बसली होती. मास्तरांनी आल्या आल्या तालीम घेतली. "दाखव बघू ताई, किती वर जातो?"

आत्याने "आई गं!" असा सूर लावून हात उचलला. तो कानाला टेकला.

"अगं, इतका नको! थोडा कमी!"

"दुखतोय तो मला, तुला नाही! तुझा दाखव."

मास्तरांनी दाखवला. छातीपर्यंत गेला. आत्याला हे सहन झालं नाही. "बाबांचा तुझ्यापेक्षा बरा जायचा. परत कर." मास्तरांनी परत केला, आत्यानेही केला. समोरच्या बाकावर एक गृहस्थ गळपट्टा लावून बसले होते. त्यांना वाटलं, आत जायच्या आधी हे करायचं असतं. त्यांनीही हात उचलला. त्यांच्या शेजारणीने त्यांचं बघून उचलला. बघता बघता सगळा कक्ष कण्हत कण्हत हात वर करू लागला. कुणाचे कोपरापर्यंत, कुणाचे कानापर्यंत. एक आजोबा तर गुडघा दाखवायला आले होते, तेही मागे राहिले नाहीत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आतून धावत आल्या. "हा प्रकार कुणी सांगितला तुम्हाला?"

ज्यांचे हात उठत होते त्यांनी हाताने आणि बाकीच्यांनी हनुवटीने मास्तरांकडे दाखवलं. त्यामुळे त्यांचा नंबर लवकर लागला.

डॉक्टरबाईंनी आत्याला आधी घेतलं. खांदा फिरवला, दाबला, मग मान एका बाजूला कलती केली. आत्या किंचाळली.

"खांदा तुमचा उत्तम आहे. कळ मानेतून येते."

"माझा खांदा उत्तम?" कुणी शिवी दिल्यासारखा आत्याचा चेहरा झाला. "इतकी वर्षं मी सोसते आहे, आणि उत्तम?"

मग मास्तर पुढे आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उचला." हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. मास्तरांनी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंनी तोच हात आपल्या हातात घेऊन वर नेला, आणि तो सरळ वर गेला, थेट कानाशी. मास्तर आपल्याच हाताकडे परक्याचा असल्यासारखे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी सोडला तसा तो खाली पडला.

"गोठलेला असता तर मलाही नेता आला नसता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी नेला की जातो, तुम्ही नेला की जात नाही. याचा अर्थ आत स्नायूची दोरी फाटलीय. काम काय करता?"

"शिवणकाम. म्हणजे कापणं, मुख्यतः. मोठी कात्री."

"हं. आणि तुमच्या वडिलांचं कसं सुरू झालं होतं?"

आत्या म्हणाली, "बाबा शिडीवरून पडले होते ना."

"शिडी नुसतं निमित्त!" मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"म्हणजे एक मान, एक कात्री आणि एक शिडी," डॉक्टरबाईंनी गोळाबेरीज केली. "या घरात गोठलेला खांदा एकच आहे. यांचा." आणि त्यांनी पेनाने दशांशकडे दाखवलं.

शास्त्राचा विजय झाला होता, तोही दशांशने एक शब्द न बोलता. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण समोर मास्तर डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं करणाऱ्या त्या माणसाचं बटण एक काज सोडून लागत होतं. मुलाला देण्यासारखं आपल्याकडे एक दुखणं तरी आहे, असं त्यांना वाटलं होतं. तेही नव्हतं.

"चल ताई," ते म्हणाले.

"कुठे निघालात?" डॉक्टरबाईंनी खुर्ची दाखवली. "ही दोरी अशी सोडून चालणार नाही. तुमचा स्वतःचा कागद काढायचाय. बसा." त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि सवयीने एकेक प्रश्न विचारत गेल्या. वय. साखर. रक्तदाब. मास्तर खालच्या आवाजात उत्तरं देत होते.

"घरात कुणाला खांद्याचा त्रास?"

भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र होतं. मास्तर त्याच्याकडे बघत म्हणाले, "लागू नाही."

"आहे," दशांश म्हणाला.

आत्याने दचकून त्याच्याकडे पाहिलं. तोंड न उघडण्याचं वचन तो मोडत होता.

"कुणाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मुलाला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या वेळी तुम्हीच मला सांगितलं होतंत..."

"मागच्या वेळी तुम्ही जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर मी दिलं. तुम्ही विचारलं होतं, घरात कुणाला आहे का. आजही तेच विचारलंत." घर कुठलं, याबद्दल दशांशला कधीच शंका नव्हती. "मुलाला आहे. गोठलेला. उजवा."

"याचा निदानाला काही उपयोग नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"शून्य उपयोग आहे. लिहा."

डॉक्टरबाईंनी क्षणभर त्या तिघांकडे पाहिलं आणि टाइप केलं. कॉम्प्युटरने कुरकूर केली नाही. मास्तरांच्या कागदावर दत्तकाचा रकानाच नव्हता. ते कुणाला दत्तक गेले नव्हते.

"माझ्या कागदावर भाचा लिहा!" आत्या म्हणाली. "आणि काय रे, म्हणजे आपल्याकडे खरा खांदा पहिल्यांदा यालाच झाला! घराण्याच्या खांद्याचा मूळपुरुष हाच की!"

मास्तर सापळ्यावरून नजर काढून मुलाकडे बघू लागले. बघता बघता त्यांची पाठ ताठ झाली. "गाढवा," ते म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं? उगाच बिचाऱ्या ताईला बसने यायला लावलं."

परतीच्या बसमध्ये तिघंही एका बाकावर दाटीवाटीने बसले. मास्तरांनी वाटेतच टिचबटणांच्या ऐवजी पट्टी लावलेल्या नव्या शर्टाचा बेत मुलाच्या पाठीवर बोटाने आखून दाखवला, आत्याला त्यातली चूक दिसली, आणि दोघं उतरेपर्यंत भांडत राहिली.

फाटकाशी कोर्टकाका वाटच बघत होते. "काय झालं मास्तर? निकाल काय?"

"निकाल आपल्या बाजूने." मास्तरांनी डाव्या हाताने कागद उंच धरला. "एवढंच, की आमच्याकडे खांदा बापाकडून मुलाकडे जात नाही. मुलाकडून बापाकडे येतो. लेखी आहे."

कोर्टकाकांनी चष्मा वर सरकवला आणि दशांशकडे पाहिलं, कारण वस्तीत खऱ्याखोट्याचा प्रश्न आला की सगळे त्याच्याकडेच बघत. "काय रे दशांश, असं कुठे असतं का?"

दशांशने विचार केला. मास्तरही थांबले होते.

"सगळ्यांकडे नसतं, काका," तो म्हणाला. "आमच्याकडे असतं."